पनवेलात राहून मंडळीत कसे राहावे

सर्वप्रथम अभिनंदन. नवीन पनवेल, कामोठे किंवा खारघरला तुम्ही घर घेतलंत, हप्ते सुरू झाले. निघताना गावच्या पाळकसाहेबांनी प्रार्थनेत म्हटलं, 'जिथे जातील तिथे मंडळीला धरून राहोत', आणि तुम्ही जोरात आमेन म्हणालात. झाली चूक ती झाली. घाबरू नका. खालच्या सूचना नीट पाळल्यात तर देवळाची पायरी न चढता मंडळीत तुमचं नाव आयुष्यभर टिकेल. प्रस्तुत लेखक अकरा वर्षं टिकून आहे.

१. आपण कोण, ते आधी पाठ करा. 'कुठल्या चर्चचे?' असं कुणीतरी विचारतंच. 'सीएनआय' एवढंच म्हणालात तर वजन पडत नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल यांची आधीच जुळलेली मंडळी, बाप्टिस्ट, मेथडिस्टांचा एक गट, ब्रदरन आणि डिसायपल्स अशी सहा घराणी एका छपराखाली आली. बोलणी चालली होती चाळीस वर्षं. (आमच्या सोसायटीतल्या चार ख्रिस्ती कुटुंबांना फुटायला एक संध्याकाळ पुरली. ते पुढे येईलच.)

या एकीकरणाचा खरा फायदा घ्यायला शिका. समजा तुमचे आजोबा नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधले, म्हणजे ज्यांच्यात बिशप हा प्रकारच नव्हता. आजी पुण्याच्या पंचहौद मिशनची, तिथे बिशपसाहेबांशिवाय पान हलत नसे. ज्या रविवारी उठवत नाही त्या रविवारी आजोबांवर जा: 'आमच्यात माणसाचा आणि देवाचा थेट व्यवहार.' बिशपसाहेब येणार असून नंतर जेवण असलं, की आजीवर जा. मात्र त्याच पंचहौदातल्या १८९० सालच्या चहाच्या कपापायी लोकमान्यांच्या मागे प्रायश्चित्ताचं लचांड लागलं होतं, हे विसरू नका. उपासनेनंतर चहाला थांबलेल्या माणसाचं नाव पुढच्या कमिटीत येतं.

२. मंडळी लांबची निवडा. नवखे इथेच फसतात. जवळची छोटी मंडळी भाड्याच्या हॉलमध्ये भरते, रिक्षानं दहा मिनिटं. दहा मिनिटांना सबब नसते! त्यापेक्षा 'आम्ही फोर्टातल्या सेंट थॉमसला जातो' असं सांगा. १७१८ च्या नाताळात उघडलेलं देऊळ, चर्चगेटला नाव मिळालं ते याच्याकडे जाणाऱ्या वेशीमुळे; ऐकणारा गप्प होतो. पनवेलहून सीएसएमटीला लोकलनं सव्वा तास तरी लागतो, आणि हार्बर लाइनचा मेगाब्लॉक नेमका रविवारी येतो. शनिवारी संध्याकाळी वेळापत्रक आलं, की ते कुटुंबाला मोठ्यानं वाचून दाखवा आणि हळहळा. हळहळ मनापासून हवी, मुलं बघत असतात.

३. ग्रुपवर जगा. सगळी मदार इथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहाटे पावणेसहाला एक प्रार्थना विनंती येईल: जालन्याच्या काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. पहिला आमेन तुमचा नको, लोक रिकामटेकडा समजतात. शेवटचाही नको, कुणी वाचत नाही. सहावा ते दहावा आमेन उत्तम. नुसता जोडलेल्या हातांचा शिक्का टाकला तर आळशी दिसतो, त्यामागे 'प्रभू यश देवो' जोडा. आमच्या ग्रुपवर सातपर्यंत त्रेचाळीस आमेन जमले होते, त्यातला एक खुद्द काकांचा. दवाखान्यात खाटेवर पडून स्वतःच्या विनंतीला आमेन टाकणारा हा गृहस्थ मी संपर्काचा आदर्श मानतो. डोळ्याला पट्टी बांधल्यावर मात्र त्यांना कुणी फोन केला नाही. सगळ्यांनी आमेन आधीच दिला होता.

ग्रुप फुटल्यास दोन्हीकडे राहा. आमचा फुटला तो नाताळच्या कॅरोल फेरीत आधी कुठल्या विंगमध्ये जायचं यावरून. आता 'ख्रिस्तात एक, पनवेल' आणि 'ख्रिस्तात एक, पनवेल (अधिकृत)' असे दोन ग्रुप आहेत. दोन्हीकडे तेच वचन रोज सकाळी येतं, तेच गुलाब, तीच कबुतरं.

४. वर्षातून दोनदा दिसा, पण नीट दिसा. उत्तम शुक्रवारची उपासना बारा ते तीन, सात उद्गारांची. तुम्ही सातव्याला पोहोचा. तेव्हा सगळ्यांच्या माना खाली असतात, कधी आलात ते कळत नाही. बाहेर मात्र सर्वांत आधी पडा आणि दाराशी उभं राहून प्रत्येकाला सलाम करा. अर्ध्या लोकांना वाटतं तुम्ही कमिटीवर आहात. दुसरी खेप नाताळची, तिला शिकवणी लागत नाही. दोनदा कमी वाटत असेल तर जगभरच्या अँग्लिकन बिशपांकडे पाहा. १८६७ पासून ते साधारण दहा वर्षांनी लँबेथ परिषदेला जमतात, मागच्या खेपेला तर २००८ नंतर थेट २०२२ उजाडलं. त्या मानानं तुम्ही अतिरेकी आहात.

५. वर्गणी गावाकडेच भरा. सभासदत्व पनवेलला हलवण्याचा सल्ला कुणी दिला तर विषय बदला. इथे भाड्याचा हॉल आहे, गावाकडे दफनभूमी आहे. जिवंतपणी मंडळीवाचून कुणाचं फारसं अडत नाही, नंतर अडतं, आणि त्या दिवशी पंच पहिल्यांदा वही उघडतात. थकबाकी तीन वर्षांच्या वर जाऊ देऊ नका. आमच्या एका चुलत्यांची सात वर्षांची थकबाकी मुलानं शवपेटी दाराशी असताना यूपीआयनं भरली. रेंज नव्हती म्हणून प्रेतयात्रा वीस मिनिटं थांबली.

६. आत्या आल्यास. इथवर सगळं जमेल, इथे मात्र काळजी घ्या. श्रीरामपूरची आत्या कळंबोलीला मॅकडोनाल्डपाशी बसमधून उतरेल. पिशवीत बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि प्लॅस्टिकचं कव्हर घातलेलं 'उपासना संगीत'. संध्याकाळी दिवा लागला, की ती म्हणेल, 'चला, प्रार्थनेला बसा.' तुम्ही मोबाईलवर पीडीएफ शोधेपर्यंत रेव्हरंड टिळकांच्या गीताचं दुसरं कडवं सुरू झालेलं असेल, पुस्तक मांडीवर मिटलेलंच. ओठ हलवत राहा. 'प्रभू' हा शब्द आला की आवाज चढवा.

मग ती म्हणेल, 'तुमच्या पाळकसाहेबांना बोलव जेवायला, भाकरी टाकते. नाव काय रे त्यांचं?'

फोन काढा आणि बाल्कनीत जा. यादीत 'पाळकसाहेब', 'पाळकसाहेब नवीन' आणि 'पाळकसाहेब नवीन २' असे तिघे सापडतील. तिसऱ्याला लावा. मी तिसऱ्यालाच लावला होता. साहेब प्रेमानं बोलले, घरच्यांची चौकशी केली, माझं नाव दोनदा विचारून घेतलं, आणि म्हणाले की त्यांची बदली होऊन दीड वर्ष झालं, सध्या ते मनमाडला असतात.

आत वळलो तर आत्यानं चार माणसांचं पीठ मळायला घेतलं होतं.