विसावं पोर

पूर्वी शाळेत भाव असायचा पहिल्या नंबरच्या पोराला. आता तो विसाव्याला आहे. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचे, निकष बदलले आणि सहावी ते आठवीचा पट विसाच्या खाली गेला की मंजूर शिक्षक शून्य, असा हिशेब मांडला. म्हणजे एकोणीस पोरं हजर, फळा हजर, खडू हजर आणि शिकवणारा कागदोपत्री अनावश्यक. एकोणीस जणांनी आपापसांत समजून घ्यावं, मोठी झालीत आता.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो, की सहावी ते आठवीला वर्गामागे किमान एक शिक्षक हवा. गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रं शिकवणारी माणसं हवीत. पण कायदा दिल्लीचा, निर्णय मुंबईचा, आणि शाळा घाटापलीकडची. वाटेत काहीतरी सांडणारच.

बरं, विसावं पोर सापडलं म्हणून काम भागत नाही. ते आधारशी जुळावं लागतं. दाखल्यावर ‘सोनू’ आणि आधारवर ‘सोनाली’ असेल, तर ती मुलगी रोज पहिल्या बाकावर बसूनही पटावर नसते. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली होती, ती आठवते? तेच पोर उद्या दुसऱ्या शाळेत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावली होती, मतदानासारखी. तेव्हा पोरं कागदावर होती, वर्गात नव्हती. एवढ्या वर्षांत प्रशासनाने मोठी मजल मारली: आता पोरं वर्गात आहेत, कागदावर नाहीत.

माहिती मात्र भरपूर जमते. प्रवर्ग, मातृभाषा, उंची, वजन, रक्तगट, सगळं ऑनलाइन भरायचं. घरी गोरमाटी बोलणाऱ्या मुलाची मातृभाषा रकान्यात अचूक पडते. त्याला मराठीतून अपूर्णांक कोण समजावणार, याला रकाना नाही. भरणारे गुरुजी तेच, जे पुढच्या संचमान्यतेत अतिरिक्त ठरणार आहेत. स्वतःच्या समायोजनाची माहिती स्वतःच अपलोड करणारा हा जगातला एकमेव कर्मचारी असावा.

या खेळातला सण म्हणजे ३० सप्टेंबर. त्या दिवशीचा पट संचमान्यतेला धरतात. पुढे दसरा-दिवाळी होते, साखर कारखान्यांची धुराडी पेटतात आणि बीडकडचे कोयते पश्चिम महाराष्ट्राच्या फडांवर निघतात. हंगामी वसतिगृहं आहेत. तरी आईबापांबरोबर पोरंही जातात. सातवीतल्या पोरीला तर न्यावंच लागतं, कोपीवर धाकट्याला सांभाळायला कोण? तिचा वर्ग रिकामा होतो, पट भरलेलाच राहतो.

अशाच एका गावात सप्टेंबरात गुरुजी पालकाच्या दारात उभे होते. मुकादमाची उचल घेतलेला बाप आधीच सावरून बोलला, “गुर्जी, औंदा पोराला संगं न्यावं लागंल.”

“न्या की, आबा. तीसपर्यंत तेवढं हलवू नका.”

“त्याच्या अभ्यासाचं?”

“ते बघू आल्यावर,” म्हणत गुरुजींनी उंबऱ्यावर बसलेल्या पोरीकडे पाहिलं. “ही धाकटी कितवीत?”

“पाचवीत.”

गुरुजींनी खिशातून डायरी काढली. “आधारवर नाव काय आहे हिचं? नीट सांगा.”