पाण्याखालचं जीवन

संयुक्त राष्ट्रांनी सप्टेंबर 2015 मध्ये जगासाठी 17 उद्दिष्टं ठरवली आणि ती पुरी करायला 2030 ची मुदत दिली. जयसिंगपुरात आज चौथीत बसणारी पोरं साधारण त्याच सुमारास जन्मली. म्हणजे जग सुधारायचं कंत्राट आणि ही पोरं एकाच वयाची. कंत्राटाची वाढ जरा खुंटल्यासारखी दिसते. पोरांच्या चड्ड्या मात्र दरवर्षी आखूड होतात.

या 17 उद्दिष्टांवर शाळेत मुलांकडून निबंध लिहून घेतले. कुरुंदवाडहून आमच्या गल्लीत राहायला आलेल्या एका पोराच्या वाट्याला 14 वं उद्दिष्ट आलं: पाण्याखालचं जीवन. तिथं समुद्र, प्रवाळ, कासवं वगैरे अपेक्षित असतात. यानं लिहिलं, 'आमचं घर 2019 ला पाण्याखाली होतं. तेव्हा पाण्याखाली आज्जीची शिलाई मशीन, पाटा-वरवंटा आणि दोन खेकडे असं जीवन होतं.' बाईंनी दहापैकी सात दिले. तीन समुद्राचे कापले.

आमचा शिरोळ तालुका कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांचा, आणि त्यांच्या पुरांचा. इथल्या पोरांना पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची 39 फूट इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी पाढ्यांच्या आधी पाठ होतात. 'अलमट्टी धरणातनं विसर्ग किती?' हा मोठ्यांचा पावसाळी कुशलप्रश्न. इतकं शिकून पोरं प्रश्न विचारणारच.

नृसिंहवाडीला कृष्णा चढली की पाणी दत्ताच्या मंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. हा दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला माणसं लांबलांबून येतात. परवा त्या पोराची तिसरीतली बहीण कट्ट्यावर बसून म्हणाली, "वाडीत पाणी शिरलं की सोहळा, आणि आमच्यात शिरलं की पंचनामा. असं का?"

"देवाचं आणि आपलं सारखं असतंय व्हय?" तिचा चुलता म्हणाला.

"पाणी तर तेच की."

चुलता पेपरात शिरला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. याज्ञवल्क्याचीही हीच गत झाली होती. गार्गीनं विचारलं, सगळं पाण्यात ओवलेलं आहे, तर पाणी कशात ओवलेलं आहे? वायूत म्हटलं, तर वायू कशात? अशी ती ब्रह्मलोकापर्यंत चढत गेली, तेव्हा ऋषी म्हणाले, फार विचारू नकोस, डोकं गळून पडेल. त्या काळीही घराघरांत याहून वेगळं काही सांगत नसावेत.

मला मात्र या वयाचा खरा प्रतिनिधी नचिकेता वाटतो. बाप यज्ञात गायी दान करतोय, आणि पोराला दिसतंय की या गायींचं शेवटचं पाणी पिऊन झालंय, शेवटचं गवत खाऊन झालंय, दूधही आटलंय. नको ते दुसऱ्याच्या दारात बांधून पुण्य मिळवायचा बेत पोरानं ओळखला, आणि बापानं चिडून त्याला यमाकडे धाडलं. आमच्या तालुक्यात ही कथा फोड करून सांगावी लागत नाही. वरच्या शहरांचं सांडपाणी पंचगंगेतून शेवटी आमच्याच दारात येतं. तेरवाडच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला, की भाकड गायी कुणी कुणाला दिल्या ते पोरांना बरोबर कळतं.

पण उसाचा विषय निघाला की आपलंच घर अडचणीत येतं. जयसिंगपूर हे ऊस परिषदेचं गाव. विक्रमसिंह मैदानावर टनाला किती मिळणार, याच्यासाठी माणूस मावत नाही. त्याच गावातलं चौथीतलं पोर आज्ज्याला विचारतं, "पाणी देऊन देऊन जमीन क्षारपड होते, तर तू कमी का देत नाहीस?"

"तुझी सायकल कशातनं आली?"

"उसातनं."

"मग गप."

तर्कशास्त्र म्हणून हे बिनतोड आहे. आज्ज्याच्या बांधाला बांध असलेल्या शेतकऱ्यानं जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून खारं पाणी काढून दिलं आणि रान पुन्हा पिकवलं, हे मात्र आज्जा त्या वेळी सांगत नाही. ते पोराला शेजारच्या पोराकडून कळतं.

पोरांचे प्रश्न पाणी-उसापुरते थांबत नाहीत. 2025 च्या जुलैत तालुक्यातल्या नांदणी मठाची माधुरी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं गुजरातेत वनतारा या प्राणी केंद्रात गेली, तेव्हा जिल्हा पेटला होता. कट्ट्यावर प्रत्येकाचं ठाम मत होतं, माझंही होतं. पोरांत एकानं विचारलं, "हत्तिणीला कुणी विचारलं का?" दुसरा म्हणाला, "मला तरी शाळेत घालताना कुणी विचारलं?"

आता इथं बोलणं भागच होतं. ज्या शाहू महाराजांनी हे गाव वसवून त्याला आपल्या जन्मदात्या वडिलांचं, जयसिंगरावांचं नाव दिलं, त्यांनीच 1917 मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला एक रुपया दंड, हे मी जरा छाती काढूनच सांगितलं.

तिसरीतली ऐकत होती. "आणि शाळेतनं येऊन विचारलेल्याचं उत्तर दिलं नाही तर किती?"

चुलत्यानं पेपरातनं डोकं वर काढलं. "ते असू दे," तो मला म्हणाला, "अलमट्टीतनं विसर्ग किती झालाय?"