इडलीपात्रातले अकरा स्क्रू

आमच्या गावाचं नाव हळ्ळीखेड. कन्नडमध्ये हळ्ळी म्हणजे गाव आणि मराठीत खेडं म्हणजेही गाव. थोडक्यात, आमच्या गावाचं नाव गावगाव. एवढ्यानं भागलं नाही म्हणून पुढे कंसात बी. हा बी म्हणजे निजामी दप्तरातला बुजुर्ग, तुमच्याकडचा बुद्रुक. कंसात के असलेलं दुसरं हळ्ळीखेडही आहे, ते खुर्द. १९५६ साली बीदर जिल्हा हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, १९७३ साली म्हैसूरचं कर्नाटक झालं. गणितात आधी कंस सोडवायचा असतो म्हणतात. आमचा कंस अजून कुणी सोडवलेला नाही.

या कंसाची खरी किंमत मला परवा कळली, टचपॅडपायी.

मी घरी बसून गावाचे कागद करतो. कुणाचा पीकविमा, कुणाचं जीएसटी, कुणाची पहाणी. (तुमचा जो सातबारा, ती आमची पहाणी.) हे सगळं पलंगावर वाकळ अंथरून, वाकळीवर लॅपटॉप ठेवून, मांडी घालून चालतं. तर एके दिवशी पॉइंटरला वारं लागलं. मी ‘सबमिट’वर नेतो, तो ‘कॅन्सल’वर जातो. बोट उचललं तरी हा आपला फिरतोय, जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा. डावीकडून दाबावं तर टचपॅड दबेना. मी बोटं मोडली. मग घरातल्या सगळ्यांनी आपापली बोटं लावून पाहिली.

“माऊस लाव की,” बायको म्हणाली.

माऊस होता. पण माऊसला सपाट जागा लागते आणि वाकळीवर तो चालत नाही. टेबलावर बसून मला काही सुचत नाही. शिवाय खरं सांगायचं तर प्रश्न सोयीचा राहिला नव्हता, इभ्रतीचा झाला होता. गावभर लोकांना “अंगठा नीट ठेवा, हलवू नका” सांगणाऱ्या माणसाचं स्वतःचंच बोट चालेना!

अंगठ्याचा विषय आमच्या घरात नाजूक आहे. अप्पा दर महिन्याला रेशन आणायला जातात आणि दर महिन्याला ते यंत्र त्यांचा अंगठा नाकारतं. सत्तर वर्षं औताची मूठ धरून, ऊस तोडून अंगठ्यावरच्या रेषाच पुसल्या गेल्यात. डावा लावा, उजवा लावा, तेल पुसा, पाण्यानं धुवा. चार-पाच खेपांनी कधीतरी ओळख पटते. “ह्या गावात मला वळखत नाही असं कुत्रंबी नाही,” अप्पा म्हणतात, “अन् ते मशीन विचारतंय, तू कोण?” तेव्हापासून बोट लावायच्या कुठल्याही यंत्राशी त्यांनी अबोला धरला आहे.

माझा पोरगा सातवीत आहे, म्हणजे घरातला मुख्य अभियंता. त्यानं आधी कीबोर्डवरची टचपॅड बंद-चालू करायची कळ दाबून पाहिली. चुकून ती दाबली जाते आणि लोक उगाच दुरुस्तीला पळतात, म्हणाला. ती नव्हती. मग त्यानं मला टचपॅडचं शास्त्र शिकवलं. वरच्या गुळगुळीत थराखाली बारीक तारांची जाळी असते. तिच्यावर थोडा विद्युतभार खेळवलेला असतो. आपल्या अंगात पाणी आणि मीठ, त्यामुळे बोट टेकलं की त्यातला चिमूटभर भार बोट ओढून घेतं. भार कुठं कमी झाला हे जाळी ओळखते आणि पॉइंटर तिकडे सरकवते. म्हणून पेनानं चालत नाही, नखानं चालत नाही. वाळकाची फोड हातात धरून फिरवली तर चालतं, हे त्यानं लगेच करून दाखवलं. त्या दिवशी पॉइंटर माझ्या बोटापेक्षा वाळकाचं जास्त ऐकत होता. मी ते मनाला लावून घेतलं नाही असं म्हणणार नाही.

ही भार ओळखणारी पट्टी जॉर्ज गर्फाइड नावाच्या अमेरिकन माणसानं १९८८च्या सुमारास काढली आणि १९९४ साली ॲपलनं ती आपल्या पॉवरबुकवर बसवली. त्याआधी लॅपटॉपवर एक गोटी असायची, ती बोटानं गरगर फिरवायची. मला वाटतं गोटीच बरी होती. बिघडली तर निदान काढून फुंकर मारता यायची.

निदान झालं : टचपॅड गेला. कुणी केलं हे निदान? मी. आणि शेजारच्या किराणा दुकानदारानं, दूरनंच बघून, “हौद्री, प्याडच गेलंय,” असं म्हणून त्यावर शिक्का मारला.

अशा वस्तूंचा बाजार म्हणजे सिकंदराबादचं चिनॉय ट्रेड सेंटर. हुमनाबादहून हैदराबादची गाडी धरली की सरळ रस्ता आहे. पण एका पॅडसाठी कोण जाणार? घरबसल्या मागवला. पत्ता लिहिला : हळ्ळीखेड (बी). पण त्या संकेतस्थळाला कंस चालत नव्हता, “विशेष चिन्हे टाळा” म्हणालं. टाळली. बीसुद्धा त्याच्याबरोबर गेला. चौथ्या दिवशी फोन, “साहेब, तुमच्या दारात उभा आहे.” मी दारात गेलो. दारात शेळी होती.

पार्सलवाला पोरगा दुसऱ्या हळ्ळीखेडच्या कुठल्यातरी दारात उभा होता. तीन दिवस तो आणि मी एकमेकांना खाणाखुणा सांगत राहिलो. मी सांगे, मारुतीच्या देवळापासून डावीकडं. मारुतीचं देऊळ तिथंही होतं. शेवटी पार्सल आलं तेव्हा परत करायची मुदत निघून गेली होती. हे पुढे महत्त्वाचं ठरतं.

रविवारी सकाळी शस्त्रक्रिया ठरली. पेचकस शिलाईमशीनच्या डब्यात सापडला. स्क्रू ठेवायला पोरानं इडलीपात्र आणलं. कल्पना बिनतोड होती : स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड जागी कसला तर आतलं काहीतरी फोडतो. म्हणून एकेका खळग्यात एकेक, ज्या जागेचा त्या जागेवर. पीठ आदल्या रात्री आंबायला घातलेलं होतं ही माहिती मला नंतर मिळाली, आणि शांतपणे मिळाली नाही.

नऊ स्क्रू निघाले. झाकण निघेना. अर्ध्या तासानं कळलं की उरलेले दोन रबरी पायांच्या खाली दडलेले असतात. पाय उचकटून ते काढले. अकरा. मग कडेच्या खिट्ट्या. तिथं लोखंड वापरायचं नाही, प्लास्टिकची पातळ चकती सरकवत न्यायची. मी मुदत संपलेलं एटीएम कार्ड घातलं आणि कडेनं ओढत निघालो. कट, कट, कट. माय भाकरी थापता थापता उठून आली. “काय करूलालास रे?” म्हणाली. “तिथं कार्ड घालून पैसं निघत्यात का?”

“जाऊलालेत,” बायको आतून म्हणाली.

झाकण उघडलं आणि आम्ही तिघंही गप्प झालो. आत टचपॅड होता, नीटनेटका, कुठं ओरखडा नाही. त्याच्या खाली बॅटरी. बॅटरी चपटी असते असं पोरगा म्हणाला होता. ही टम्म फुगली होती. चार कप्पे, त्यातले दोन उशीसारखे वर आलेले, आणि ते खालून टचपॅडला ढुशा देत होते. म्हणून तो दबत नव्हता, म्हणून पॉइंटर पिसाळला होता. बिचाऱ्या पॅडचा काडीचा गुन्हा नव्हता. खालच्याच्या पोटात वारा, आणि वरच्यावर आळ.

माय वाकून बघत होती. “फुगली की चांगली,” ती म्हणाली. “फुगली म्हंजे आतून भाजली.”

भाकरीच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे. लिथियमच्या बॅटरीच्या बाबतीतही आतून भाजली हे खरंच आहे, फक्त ते चांगलं नाही. आतला द्रव उष्णतेनं आणि वयानं बिघडतो, त्याचा वायू होतो, वायूला बाहेर पडायला वाट नसते. चोवीस तास चार्जरला लावून ठेवलं की हे लवकर होतं. खाली वाकळ असली, गरम हवा जायच्या भोकांवर गोधडीची ठिगळं बसलेली असली, तर आणखी लवकर. वाकळीचा उल्लेख पोरानं केला तेव्हा बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी इथं लिहून काढू शकत नाही.

मी पेचकस घेऊन पुढे सरसावलो, तेवढ्यात पोरगा ओरडला. टोचायचं नाही, दाबायचं नाही, वाकवायचं नाही, पेट घेते. माझा हात तिथल्या तिथं थिजला. त्या क्षणापर्यंत मी कैक महिने मांडीवर जे घेऊन बसत होतो ते काय होतं, याची मला जरा घाम आणणारी कल्पना आली.

हुमनाबादच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन लावला. हुमनाबाद म्हणजे माणिकप्रभूंचं गाव. मराठी, कन्नड, उर्दू, सगळ्यांत पदं रचणारे ते संत. तीच परंपरा हा गृहस्थ दुकानात चालवतो. “बॅटरी फूल गई? नक्को साब, हात नक्को लगाव,” तो म्हणाला. मग कन्नडमध्ये कुणाला तरी चहा सांगितला आणि मला मराठीत म्हणाला, “आधी तिची वायर काढा, मग तिला काढा. वाळूत ठेवा. घरात नको. इकडं आणून द्या, मी पुढं देतो. पॅडला काय झालेलं नाही, पॅड कशाला मागवला?”

पॅड कशाला मागवला हा प्रश्न त्या दिवशी चौघांनी विचारला.

बॅटरीची वायर सुटली. चिकटपट्टी मी पोरानं सांगितलं तशी सावकाश ओढली, देवघरातली वात सरळ करावी तशी. फुगलेली बॅटरी अंगणात एका फुटक्या घागरीत वाळूवर ठेवली, वर आणखी वाळू. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय पुरलं? मायनं “बॅटरी” म्हणून खरं तेच सांगितलं, त्यामुळे कुणाचा विश्वास बसला नाही. संध्याकाळपर्यंत दोघंजण सहज म्हणून घागर बघून गेले.

नवी बॅटरी हुमनाबादहून आली, ती मी जाऊन आणली. पत्ता लिहायची माझी हिंमत नव्हती. बसवणं दहा मिनिटांचं काम. पॅडची चपटी रिबन मी उत्साहाच्या भरात उगाच काढून ठेवली होती, ती परत घालताना मात्र जीव गेला. तिच्या तोंडाशी तांदळाएवढी काळी झडप असते. ती नखानं उभी करायची, रिबन सरळ आत सरकवायची, झडप आडवी पाडायची. माझी नजर चाळिशीची, झडप चिमुकली. पोरानं एका फटक्यात केलं. मग स्क्रू. एक, दोन, दहा. अकरावा नाही.

पात्र तर बायकोनं केव्हाच घासून इडल्या लावल्या होत्या. त्या दिवशी आमच्या घरात इडली ज्या आदरानं, ज्या हळुवारपणे चावली गेली, तशी कुठल्या उडुपी हॉटेलात चावली जात नसेल. स्क्रू शेवटी मोरीच्या जाळीवर सापडला.

लॅपटॉप चालू केला. पॉइंटर शहाण्या पोरासारखा मधोमध उभा. नवाकोरा, निरुपयोगी टचपॅड खिडकीत पडला होता. अप्पा आले, त्यांनी तो उचलून उलटसुलट पाहिला. “ह्याला काय करतात?”

“बोट लावायचं, अप्पा.”

त्यांनी तो लगेच खाली ठेवला. पोरानं त्यांचा हात धरून लॅपटॉपपाशी आणला. “आजोबा, ह्याला रेषा लागत नाहीत. अंगात पाणी असलं की झालं.” अप्पांनी आधी अंगठा धोतराला पुसला. रेशनची सवय. मग टेकवला.

पॉइंटर हलला. एका खेपेत.

अप्पा काही बोलले नाहीत. अंगठा डावीकडून उजवीकडे नेला, पॉइंटर गेला. परत आणला, आला. मग जरा खाली घेऊन पुन्हा डावीकडून उजवीकडे, सावकाश, सरळ रेषेत, तासावर तास टाकल्यासारखं. अर्धा पडदा नांगरून झाल्यावर अंगठा पॅडच्या कडेला अडला.

“बांध आला,” ते म्हणाले. “आता?”

“उचलायचा आणि परत इकडून धरायचा,” पोरगा म्हणाला.

“म्हंजे औत उचलूनच न्यायचं?” अप्पांनी माझ्याकडे बघितलं. “वळवायचं नाही?”