बॉर्डरवरची शुगर आणि बिनभट्टीचं चॉकलेट

‘नो-बेक’ म्हणून कुणी कौतुकानं सांगायला लागलं की मला हसू येतं. पुरणपोळी तव्यावर, अनारसे कढईत, मोदक वाफेवर आणि श्रीखंड तर नुसतं फडक्यात टांगून करणाऱ्या लोकांना भट्टीशिवाय गोड कसं करावं हे शिकवायचं, म्हणजे पिंपळगावच्या माणसाला द्राक्षाचा घड कुठून धरावा ते सांगण्यातला प्रकार. आमच्या लहानपणी भट्टीतलं गोड एकच, नानकटाई, आणि तीही घरची नव्हे. सुट्टी लागली की मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीत जायचं. तिथला माणूस ते मळून, गोळे थापून, पत्रा भट्टीत सरकवायचा आणि आम्ही बाहेरच्या फळीवर आपल्या डब्याची राखण करत बसायचो. घरी पोचेपर्यंत वरचा थर संपलेला असे. ‘बेकरीवाल्यानं कमीच दिली’ असं आई म्हणायची आणि आम्ही त्या बिचाऱ्याची बाजू कधीच घेतली नाही.

तर अशा घरात नो-बेक मिंट चॉकलेट आलं ते ह्यांच्या रिपोर्टमुळे.

डॉक्टर म्हणाले, “शुगर बॉर्डरवर आहे.” आता हे वाक्य नाशिक शहरात सांगितलं असतं तर माणूस घाबरला असता. देवळाली कॅम्पात तसं होत नाही. इथे सकाळी दूध आणायला गेलं तरी एखादा लष्करी ट्रक आडवा जातो, वाणसामानाच्या दुकानात रांगेत पुढे हवालदार आणि मागे सुभेदार असतो. बॉर्डरवर असणं ही इथे मानाची गोष्ट आहे. आमचे हे आयुष्यभर वीज मंडळात होते, पण त्या दिवसापासून छाती पुढे काढून चालायला लागले. “बॉर्डरवर आहे, ओलांडलेली नाही,” असं भेटेल त्याला सांगायचे. ओलांडू नये म्हणून काय करणार, असं कुणी विचारलं की माझ्याकडे बोट दाखवायचे.

आहारशास्त्र शिकणाऱ्या भाचीला मी फोन केला. ती म्हणाली, “मावशी, काकांचं गोड बंद करू नकोस. हेल्दी गोड दे.” आणि तिनं कृती सांगितली. बिनबियांचा खजूर २०० ग्रॅम, बदाम १०० ग्रॅम, कोको पावडर तीन मोठे चमचे, खोबरेल तेल एक चमचा, चिमूटभर मीठ आणि पेपरमिंट. साखर नाही, मैदा नाही, भट्टी नाही. सगळं मिक्सरमधून काढायचं, वळायचं, फ्रीजमध्ये ठेवायचं.

ऐकायला सोपं वाटतं. पण खजूर कोरडा घातला तर मिक्सरचं पातं एकदा फिरतं, दुसऱ्यांदा विचार करतं आणि तिसऱ्यांदा जळका वास सोडतं. म्हणून तो आधी पाऊण तास गरम पाण्यात भिजवायचा, निथळायचा आणि बदामाची पूड वेगळी करून मग दोन्ही एकत्र फिरवायचं. कोको घालताना खिडकी आणि पंखा बंद. भाची हे काहीच सांगत नाही, कारण तिच्या हॉस्टेलात मिक्सर नाही. ती हे पदार्थ फक्त परीक्षेत करते.

खरी गंमत पेपरमिंटची. ह्यांना मी “मिंट आणा” म्हटलं. हे भाजीबाजारात गेले आणि पुदिन्याच्या दोन जुड्या घेऊन आले, कारण तिसरी फुकट मिळत नव्हती. नाशिकच्या पालेभाजीवर मुंबईचा स्वयंपाक चालतो, तेव्हा पुदिना इथे कोवळा आणि घमघमीत मिळतो याबद्दल वाद नाही. पण तो चॉकलेटात वाटून घातला की जे तयार होतं त्याला हिरवी चटणी म्हणतात. फक्त रंग काळा असतो. ह्यांनी चव घेतली आणि विचारलं, “समोसा कुठाय?”

यात पुदिन्याचा दोष नाही. आपला बाजारातला पुदिना वेगळा आणि पेपरमिंट वेगळं, घराणं एकच. पुदिन्याचा वास ज्या द्रव्याचा असतो त्याला कार्व्होन म्हणतात. पेपरमिंटमध्ये जोर मेंथॉलचा. मेंथॉलची लबाडी अशी की ते काहीही थंड करत नाही. जिभेतल्या ज्या तंतूंना गारवा कळतो त्यांनाच ते जाऊन चाळवतं, आणि मेंदूला वाटतं की तोंडात बर्फ आहे. चॉकलेट मेंदूला म्हणतं, गोड आहे, खा. मेंथॉल म्हणतं, आत्ताच दात घासलेत, खाल्लंच नाहीस. या दोघांच्या मध्ये सापडलेला माणूस पाच-सहा कधी खातो ते त्याला कळत नाही. विलायतेत राउनट्री कंपनीनं १९६२ साली जेवणानंतर खायची पातळ मिंट चॉकलेटं काढली ती याच हिशेबानं काढली असणार, अशी माझी खात्री आहे.

आता मेंथॉल आणायचं कुठून? सासूबाई म्हणाल्या, “त्यात काय, गांध्याच्या दुकानात पुदिन्याचं फूल मिळतं.” मिळतं. पांढरे, काचेच्या काड्यांसारखे खडे. तेच फूल, ओव्याचं फूल आणि कापूर सारख्या वजनानं एका बाटलीत घातलं की तिन्ही कोरडे पदार्थ आपोआप पाणी होतात आणि अमृतधारा तयार होते. आमच्या घरात पोटदुखी, दाढदुखी, डोकेदुखी आणि पाहुण्यांनी मुक्काम वाढवणं या सर्वांवर ती एकच बाटली चालत आलेली आहे. त्यामुळे सासूबाईंचा या खड्यांवर भारी विश्वास. पण मोहरीएवढा खडा जास्त पडला तर चॉकलेट खाऊन नाक मोकळं होतं, डोळ्यांतून पाणी येतं आणि माणूस आपण काय खाल्लं यापेक्षा कुठे चोळायचं होतं याचा विचार करू लागतो. आमच्या घरी मी कपाटाच्या किल्लीबरोबर त्या पुडीचाही ताबा घेतला, आणि केकचं सामान विकणाऱ्या दुकानातून खाण्यासाठीचा पेपरमिंट इसेन्स आणला. एवढ्या खजुराला तीन थेंब पुरतात. चौथा थेंब टूथपेस्टचा.

वळलेल्या गोळ्या पाहून ह्यांना एकदम रावळगाव आठवलं. नाशिक जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला आठवणारच. मालेगाव तालुक्यातल्या त्या माळावर वालचंद हिराचंदांनी १९३३ साली साखर कारखाना काढला आणि १९४२ पासून तिथे गोळ्या होऊ लागल्या. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक. दुकानदार सुट्टे पैसे नाहीत म्हणून हातावर ठेवायचा ती गोळी, आणि बहिणीनं चहाडी करू नये म्हणून द्यायची तीही. २०२४ मध्ये या गोळ्यांचे ब्रँड २७ कोटींना रिलायन्सकडे गेले. ही बातमी वाचून ह्यांनी घरातलं कुणीतरी गेल्यासारखा चेहरा केला होता. “साखरेच्या होत्या त्या, पण कुणाला काही झालं नाही,” हे म्हणाले. मी म्हटलं, तेव्हा तुम्ही भगूरपर्यंत सायकलनं जायचात. आता रिमोट टेबलावरून घ्यायलासुद्धा मला हाक मारता.

तर, साखर नाही. हे मी सगळ्यांना सांगत होते. मग एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसले. खजुराच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भाग साखरच असते. देवानं घातलेली, पण साखरच. २०० ग्रॅममध्ये सव्वाशे ग्रॅमच्या वर. त्याच्या वीस गोळ्या केल्या तर एका गोळीत सहा-साडेसहा ग्रॅम, म्हणजे चहाचा चमचा भरून आणि वर थोडी. बदामाच्या १०० ग्रॅममध्ये पावणेसहाशेच्या आसपास कॅलरी, तेल वेगळं. खजुरात चोथा असतो, बदामात प्रथिनं असतात, त्यामुळे ती साखर रक्तात जरा शिस्तीत उतरते, हे भाचीचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणजे एक गोळी खाल्ली तर पदार्थ आरोग्यदायी आहे. अडचण ‘आरोग्यदायी’ म्हणण्यातच आहे. जिलेबी खाणारा माणूस दुसरं वेढं घेताना इकडेतिकडे पाहतो. हेल्दी गोळी खाणारा डबा मांडीवर घेऊन बसतो.

देवळालीत हे सहज खपतं, कारण आमचं गावच मुळात आरोग्यावर उभं आहे. गोऱ्या सोल्जरांची छावणी इथे बसली ती हवेमुळे. मागून मुंबईच्या पारशी, गुजराती शेठजींनी सॅनेटोरियम बांधली तीही हवेमुळे. उंच छत, लांब व्हरांडे, पुढे झाडं. हवापालटासाठी यायचं, महिनाभर राहायचं, वजन वाढवून परत जायचं. क्षयाच्या काळात वजन वाढणं हीच तब्येत सुधारल्याची खूण होती. क्षयावर औषध निघालं, तब्येतीचं माप बदललं, हवापालटवाल्यांनी मात्र जुनीच पद्धत चालू ठेवली आहे. संध्याकाळी लॅम रोडवर पांढऱ्या बुटांची रांग लागते, पावलं मोजणारी घड्याळं हातात, आणि रांग शेवटी जिथे वळते तिथे काहीतरी तळलं जात असतं.

सॅनेटोरियममधलेच एक गुजराती काका दर दिवाळीनंतर मुक्कामाला असतात आणि ह्यांच्याबरोबर फिरतात. जैन. त्यांना गोळी दिली तर आधी विचारलं, “कंदमूळ?” म्हटलं, नाही. “मध?” नाही. “जिलेटिन?” तेही नाही. इतकं निष्पाप चॉकलेट त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. फक्त सूर्यास्तानंतर चालत नाही, त्यामुळे ते साडेपाचलाच फिरायला निघू लागले आणि वाटेत पहिला थांबा आमचं घर. हिवाळ्यात सूर्य सहाच्या सुमारास जातो. त्या अर्ध्या तासात ते जी कामगिरी करत ती उपवासाची तयारी म्हणून करत असल्यामुळे मला काही बोलता येईना.

शेजारच्या सिंधी आंटी. फाळणीनंतर सिंधी माणसं इथल्या छावणीत आली आणि कॅम्पाचा बाजार त्यांनी उभा केला. आंटींचा जन्म इथलाच, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ. त्यांनी एक गोळी तोंडात टाकली, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “छान आहे गं. फक्त वेलची हवी.” सिंधी घरात वेलचीशिवाय गोड म्हणजे कपाळाला टिकली नसणं. दुसऱ्या घाण्यात वेलची आली. वेलची आणि पेपरमिंट एका तोंडात नांदत नाहीत, म्हणून पेपरमिंटचा एक थेंब कमी झाला.

मग सासूबाई. “कोको उष्ण. त्यात डिंक तळून घाल, कंबरेला बरं.” डिंक तळायला तूप लागलं. तूप आल्यावर खोबरेल तेलाला काम उरलं नाही. “बदाम कच्चे कसे घालतेस, जरा भाजून घे.” ‘नो-बेक’ तिथेच संपलं, पण आईंपुढे इंग्रजी चालत नाही. खारकेची पूड आली, खसखस आली, पेपरमिंटचा दुसरा थेंब गेला. चिकटू नये म्हणून हाताला तूप लावून वळल्यामुळे आकारही वाढला. मूठभर झाला. ताटात जे ओळीनं बसलं होतं ते बाळंतिणीला सकाळी दुधाबरोबर देतात. सासूबाईंनी कौतुकानं पाहिलं आणि म्हणाल्या, “आता जमलं बघ तुझं चॉकलेट.” भाचीला फोटो पाठवला तर तिनं विचारलं, “मावशी, कोणाला बाळ झालं?”

मी पुन्हा मूळ कृतीवर आले ते जानेवारीत. त्या महिन्यात फायरिंग रेंजवर लष्कराचा ‘तोपची’ नावाचा तोफांचा सराव असतो. बोफोर्स, वज्र, धनुष अशा तोफा एकामागून एक बोलतात. बाहेरून आलेला पाहुणा खुर्चीतून उठतो, कॅम्पातला माणूस फक्त चहाचा कप धरतो. खिडक्यांची तावदानं आणि फ्रीजमधल्या बाटल्या एका तालात वाजत असताना आत माझ्या गोळ्या शांतपणे घट्ट होत होत्या. स्पंजकेक असता तर मधोमध बसला असता. भट्टीविना चॉकलेटची बाजू घेऊन मी एवढंच मनापासून म्हणेन की ते तोफखान्याला टिकतं.

उन्हाला टिकत नाही. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांवर पातळ होतं. नाशिकच्या थंडीत न्हाणीघरातली तेलाची बाटली दगड होते आणि एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो. विकतच्या चॉकलेटातलं कोको बटर चौतीस अंशांपर्यंत कळ काढतं, म्हणून तर ते हातात राहतं आणि तोंडात विरघळतं. आमच्या गोळ्या एप्रिलात हातातच बसतात. त्यामुळे डबा कायम फ्रीजमध्ये. आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या शुगरच्या गोळ्यांची पाकिटं ह्यांनी त्याच डब्यावर नेऊन ठेवली. “औषध गार जागी ठेवावं असं लिहिलंय.” मी चष्मा लावून वाचलं, लिहिलं होतं ते खरं होतं. आता रात्री अकराला फ्रीजचं दार वाजलं आणि मी “काय करताय?” विचारलं तर उत्तर तयार असतं, “गोळी घेतोय.”

परवा पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. नवा रिपोर्ट पाहून त्यांनी कपाळाला आठी घातली.

“गोळ्या वेळेवर घेता ना?”

“अगदी न चुकता,” हे म्हणाले. “जेवणानंतर दोन. सामना चालू असला तर तीन.”

डॉक्टरांनी आपली जुनी चिठ्ठी उलटून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. मी पर्समधून डबा काढून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हटलं, “यातल्या. साखर अजिबात नाही.” त्यांनी एक उचलली. मग कंपाउंडरला आत बोलावलं.