फोडलरचा मान

वेबपॅक म्हणजे जावास्क्रिप्टच्या शेकडो फायलींची मोळी बांधून ब्राउझरच्या दारात टाकणारा मोळीवाला. मोळी बांधली जात असताना मध्येच आपली काडी घालायची सोय आहे. त्या काडीला प्लगिन म्हणतात. आमच्या ऑफिसात अशी एक काडी मी घातली. ऐंशीएक ओळींची.

फेब्रुवारी २०१८ मध्ये वेबपॅकची चौथी आवृत्ती आली. 'कंपायलर डॉट प्लगिन' ही जुनी हाक बंद होणार, आता 'हुक्स'ला 'टॅप' करा, अशी सूचना टर्मिनलवर झळकू लागली. जुनी हाक तरी चालतच होती. ऑक्टोबर २०२० मध्ये पाचवी आवृत्ती आली आणि ती हाक गेली. म्हणजे अडीच वर्षांहून जास्त नोटीस! घरमालक एवढा सोशिक असल्यावर भाडेकरू सामान कधी बांधणार? मी शेवटच्या रात्री बांधलं, आणि बांधताना घरमालकालाच शिव्या घातल्या.

त्या रात्री पाचव्या आवृत्तीचा कोड चाळला. मॉड्यूल्सची यादी पूर्वी 'अ‍ॅरे' होती, तिचा आता 'सेट' केलेला. पण जुनी प्लगिन्स तिला अ‍ॅरे समजूनच हाका मारणार. म्हणून त्या सेटला 'मॅप', 'फिल्टर', 'पुश' या अ‍ॅरेच्या लकबी मुद्दाम शिकवलेल्या. आजी नातवाला त्याच्या काकाच्या नावाने हाक मारते आणि नातू मुकाट्याने ओ देतो, तसंच. फक्त हा नातू ओ देता देता पुटपुटतो, की मी आता अ‍ॅरे नाही हं. 'सॉर्ट' आणि 'पॉप'ला मात्र साफ नकार. काकाचं सगळंच कसं करायचं?

माझा राग ओसरला, कारण तोवर मी स्वतःही घरमालक झालो होतो. माझी काडी आणखी तीन टीम्सनी उचलली होती. तिच्यात फाइली कुठे ठेवायच्या ते सांगायचा पर्याय होता 'फोल्डर'. पण मूळ कोड रात्री दीडचा, त्यामुळे स्पेलिंग 'फोडलर' पडलेलं. लाज वाटून एका शुक्रवारी ते गुपचूप दुरुस्त केलं आणि आवृत्तीचा फक्त शेवटचा आकडा वाढवला. म्हणजे विशेष काही नाही, निर्धास्त घ्या.

सोमवारी पहिला फोन आला. "दादा, आमचं बिल्ड फुटलंय."

"काय बदललंत?"

"आम्ही काहीच नाही. तुम्ही?"

फोडलर परत आलं. आता दोन्ही शब्द चालतात. फोडलर लिहिलं की पिवळ्या अक्षरांत इशारा येतो, आणि जिन्यातल्या 'येथे थुंकू नये' या पाटीइतकाच तो वाचला जातो. एका टीमने तर तो दिसूच नये असा पर्याय मागितला. दिला. नवीन मुलीने माहितीपत्रकात दोन्ही शब्द शेजारी शेजारी, गंभीरपणे नोंदवलेत. तिला वाटलं फोडलर ही काही तांत्रिक संज्ञा असावी.

गेल्या आठवड्यात एकाने दोन्ही पर्याय एकदम दिले, दोन वेगवेगळ्या जागांची नावं टाकून. ऐकायचं कुणाचं? बराच विचार केला आणि फोडलरचं ऐकलं. ते वयाने मोठं आहे.