शॉर्टकटराव

हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात त्यांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकावर उरलंय. बाकी सगळ्यांसाठी ते शॉर्टकटराव. माऊस त्यांच्या टेबलावर असतो, पण त्याची बॅटरी कधीच संपलेली. "राव, जरा पेमेंटचा प्रोजेक्ट..." एवढं म्हणेपर्यंत ऑप्शन आणि स्पेस दाबून झालेलं असतं, स्क्रीनच्या मधोमध अल्फ्रेड या मॅकवरच्या शोधून उघडणाऱ्या ॲपची पट्टी उगवलेली असते, तिच्यात तीन अक्षरं पडतात, एंटर, आणि प्रोजेक्ट हजर. मग खुर्ची किंचित मागे सरकवून ते आपल्याकडे बघतात. इथे "वा!" म्हणायचं असतं.

दुसऱ्याला फोल्डर उघडताना बघणं त्यांना सोसत नाही. नवखा पोरगा 'डॉक्युमेंट्स'मध्ये शिरतो, तिथून 'कोड'मध्ये, तिथून 'नवीन-२'मध्ये, आणि 'फायनल' की 'फायनल-खरंच' यावर घुटमळतो. इकडे रावांचा जीव कासावीस. "अरे, चालत कशाला जातोस? नाव घे नाव!" मग व्याख्यान. अक्षरं सलग लागत नाहीत, अधली-मधली चालतात. जे सारखं उघडाल ते यादीत आपोआप वर येतं. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता झोपेतही सांगेन.

चहाला त्यांच्यासोबत गेलं की असल्या ॲपांची वंशावळ ऐकावी लागते. २००३ मध्ये क्विकसिल्व्हर, २००५ मध्ये ॲपलच्या टायगरबरोबर स्पॉटलाइट, २०१० मध्ये अल्फ्रेड. सूर असा, की बुवा घराण्याची परंपरा सांगताहेत. पोरांपैकी कुणी रेकास्टसारख्या दुसऱ्या ॲपचं नाव काढलं तर "बरंय" म्हणतात आणि बिस्किट चहात जरा जास्तच वेळ धरतात.

एका शनिवारी त्यांनी अल्फ्रेडसाठी फक्त प्रोजेक्ट शोधणारा वर्कफ्लो लिहायला घेतला. नुसतं नाव शोधलं की 'नोड मॉड्यूल्स' फोल्डरच्या पोटातली शेकडो पॅकेजं वर तरंगायची. म्हणून ज्या फोल्डरात कोडचा इतिहास ठेवणारं डॉट-गिट आहे, तोच प्रोजेक्ट धरायचा. सकाळी बसले ते दिवेलागणीला उठले. दळण तसंच राहिलं, वहिनी काय बोलल्या ते त्यांनी सांगितलं नाही. "पण दरवेळी दोन सेकंद वाचतात!" हे मात्र सोमवारी सगळ्यांना सांगितलं. त्या यादीत त्यांचे स्वतःचेही प्रोजेक्ट दिसतात: सोसायटीचा मेंटेनन्स, भिशीचा हिशेब, लेकीसाठी पाढे. सगळे क्षणात उघडतात. पुरा एकही झालेला नाही.

तरी रात्री दोनला सर्व्हर झोपतो, आणि ज्याचं धड नावही कुणाला आठवत नाही असा जुना प्रोजेक्ट हवा असतो, तेव्हा फोन त्यांनाच जातो. कुरकुर न करता उघडून देतात. "वा!"ची वाटसुद्धा बघत नाहीत.

परवा मात्र गंमत झाली. एका सहकाऱ्याच्या मॅकवर कोड दाखवताना रावांनी सवयीनं ऑप्शन-स्पेस दाबलं. त्या मशीनवर अल्फ्रेड नव्हतंच. पट्टी आली नाही. जावाच्या एका ओळीत न तुटणारी स्पेस तेवढी जाऊन बसली. ती दिसते साध्या स्पेससारखीच, पण कंपायलरला ती चालत नाही. तो 'इल्लीगल कॅरेक्टर' म्हणून बोंबलतोय, ओळही दाखवतोय, आणि आम्ही चौघं त्या निर्मळ ओळीकडे डोळे फाडून बघतोय. शेवटी आमच्यातल्या एका पोरानं ती ओळ खोडून पुन्हा टाईप केली, तेव्हा सुटका झाली.

राव शांतपणे म्हणाले, "बघितलंत? अल्फ्रेड टाकलं नाही की असं होतं."