डबा कुठं ठेवायचा?

किल्लारीच्या जुन्या घरांत वस्तू ठेवायला भिंत असायची. भिंतीवर नव्हे, भिंतीत. दगडमातीची दोन-अडीच फुटी भिंत. तिच्यात दिवळी, कोनाडा, फडताळ आणि एखादं असं भोक, की ज्यात आज्जी पैसे ठेवते हे सगळ्या घराला ठाऊक असायचं आणि ते सगळ्यांना ठाऊक आहे हे फक्त आज्जीला ठाऊक नसायचं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, चाराला चार मिनिटं कमी असताना, भूकंपात त्याच भिंती आणि त्यांच्यावरचं मातीचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून लोक उशिरा टेकले होते. त्या पहाटेबद्दल मी अधिक लिहिणार नाही. आमच्याकडं त्या तारखेवर बोलणं निघालं तर आपोआप आवाज खाली येतो, आणि आज मला जरा मोठ्यानं बोलायचं आहे.

पुनर्वसनात नवी घरं आली. ज्याची जशी जमीन तसं घर : अडीचशे, चारशे, साडेसातशे चौरस फूट. रुंद, सरळ रस्ते आणि त्यांवर कवायतीला उभी राहिल्यासारखी घरं. भिंती पातळ, वर स्लॅब. भूकंपाच्या दृष्टीनं हे योग्यच झालं, तक्रार नाही. फक्त कोनाडे गेले. चार-सहा इंची भिंतीत दिवळी कोरायची म्हटली तर ती पलीकडच्या खोलीत खिडकी होऊन निघते.

हे मी सांगतोय ते सेट-टॉप बॉक्ससाठी. आमच्याकडं त्याला सरळ ‘डबा’ म्हणतात.

डब्याचा आणि कोनाड्याचा संबंध लगेच लक्षात यायचा नाही, मलाही आला नव्हता. कारण नव्या घरात पहिला रंगीत टीव्ही आला तेव्हा त्याला डोकं होतं. एकवीस इंची, मागं कुबड निघालेला, आणि माथ्यावर ऐसपैस सपाटी. त्या सपाटीवर काकूनं विणलेला रुमाल, रुमालावर बाळकृष्ण, आणि थंडीत मांजर. पुढं दूरदर्शनची फुकटातली छत्री आली (२००४च्या डिसेंबरात ती सुरू झाली, आमच्या छपरावर यायला अर्थात वेळ लागला), तेव्हा बाळकृष्णाला थोडं सरकवून तिथंच डबा बसला. खाली स्टूलावर स्टॅबिलायझर आधीपासून होताच. असं टीव्हीचं भरलं गोकुळ होतं. नंतर टीव्ही पातळ झाला, भिंतीला चिकटला, त्याचं डोकं गेलं, आणि डबा रस्त्यावर आला.

गेल्या येळवशीला हा विषय शेतात निघाला. वेळ अमावस्येला येळवस म्हणतात हे लातूर-धाराशिवबाहेरच्यांना सांगावं लागतं. भज्जी म्हणजे काय हे मात्र सांगून कळत नाही, त्यासाठी यावं लागतं. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली होती, आंबिलीचं मडकं निम्मं झालं होतं आणि पुण्याहून आलेला पुतण्या हरभऱ्याच्या रानात पाय पसरून मोबाइल बघत होता.

अप्पा म्हणाले, “काय बघूलालास रे?”

अप्पा म्हणजे आमचे धाकटे चुलते; सगळं गाव त्यांना अप्पाच म्हणतं, त्यांची नातवंडंसुद्धा. पुतण्यानं सांगितलं, अमेरिकेत रोकू नावाची कंपनी आहे. २००८ सालापासून टीव्हीला जोडायचे डबे करते. डबा इंटरनेटला लावला की त्यातून सिनेमे, मालिका सगळं दिसतं. नंतर तिनं टीव्ही कंपन्यांना आपला सगळा कारभार उसना दिला : संच तुमचा, आतलं डोकं आमचं. आणि २०२३ पासून तिनं स्वतःच्या नावाचे टीव्हीच विकायला काढले. “आता सांगा अप्पा, बरोबर केलं का चूक?”

या रोकूचा एक तपशील मला आवडला. जपानीत ‘रोकू’ म्हणजे सहा. संस्थापकाची ही सहावी कंपनी, म्हणून हे नाव. पोरांची नावं संपली की आमच्याकडंही असंच करतात.

अप्पांनी विचारलं, “डबा कितीला इकते?”

“स्वस्त. कधीकधी पदरचे घालून.”

“आन मग खाते काय?”

तर ती खाते जाहिरातींवर. आपण डबा लावला की पडद्यावर पहिलं पान तिचं. तिथं कुणाचं चित्र वर लावायचं, कुणाचं खाली, याचे पैसे. आपण एखादी सेवा तिच्या दारातून विकत घेतली तर त्यात तिची कटती. मधल्या जाहिराती वेगळ्याच. डबा विकून तिला काही सुटत नाही. डबा घरात राहिला की सुटतं.

अप्पांनी उंडा मोडला, भज्जीत बुडवला. “म्हंजी डेअरीवाला हाय की ह्यो.”

आता हे खरंच फार नेमकं होतं. डेअरीवाला म्हैस घ्यायला उचल देतो. उपकार नव्हे तो. म्हैस आपल्या दावणीला, वैरण आपली, शेण आपलं, आणि दूध सकाळ-संध्याकाळ त्याच्या कॅनमध्ये. त्याला म्हशीत रस नाही, धारेत आहे. रोकूचा डबा म्हणजे ही उचल. मग प्रश्न एवढाच उरतो, की डेअरीवाल्यानं स्वतःचा गोठा बांधावा का?

“बांध म्हनावं,” अप्पा म्हणाले. “एक म्हैस आडली की कळंल.”

पुतण्याला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं, दावण दुसऱ्याची असली की मालक उद्या दुसऱ्या डेअरीला दूध घालील. आणि तेही खोटं नाही. सॅमसंग, एलजी यांच्या टीव्हीत त्यांचं स्वतःचंच डोकं असतं, तिथं बाहेरच्या डब्याला फक्त मागच्या दारानं प्रवेश. अमेरिकेतल्या वॉलमार्टनं तर २०२४ साली विझिओ ही अख्खी टीव्ही कंपनी विकत घेतली. किराणा विकणाऱ्याला टीव्ही कशाला हवा? पहिल्या पानासाठीच. ॲमेझॉननंही आधी डबे आणि टीव्हीच्या मागं खोचायच्या काड्या विकल्या आणि २०२१ साली स्वतःचे संच काढले. सगळे भाडेकरू घरमालक व्हायला निघाले आहेत. ॲपल तेवढी अडून बसली आहे : २००७ पासून तिचा डबा आहे, टीव्ही संच येणार येणार म्हणून वर्षानुवर्षं बातम्या आल्या, संच काही आला नाही. आपल्याकडं जिओनं २०२५ साली टीव्हीत घालायचं डोकं तयार केलं, पण संच दुसऱ्या कंपन्यांचे ठेवले. म्हणजे उचल देणारी डेअरी, अप्पांच्या मतानं शहाणी.

यात आणखी एक गंमत आहे. स्वतःचा टीव्ही म्हणजे तरी कितीसा स्वतःचा? संचाच्या किमतीतला मोठा वाटा असतो पडद्याचा, म्हणजे पॅनलचा, आणि जगातले बहुतेक पॅनल चीनमधल्या मोजक्या कारखान्यांत होतात. दुसऱ्याच्या मळ्यातला ऊस, दुसऱ्याचं गुऱ्हाळ, आणि ढेपेवर कागद आपल्या नावाचा. ढेपेला मुंग्या लागल्या तर शिव्याही आपल्याच नावानं. डबा खिशात मावतो, टपालानं जातो, बिघडला तर नवा देऊन मोकळं होता येतं. पंचावन्न इंची काच ट्रकातून उतरवताना कुणाचा हात निसटला की संपलं.

मराठवाड्याच्या माणसानं या विषयात अमेरिकेचीच उदाहरणं द्यावीत हे मात्र बरं नव्हे. कारण हा प्रयोग आमच्याकडं उलट्या बाजूनं होऊन गेलेला आहे. गंगापूरच्या धूत कुटुंबाची व्हिडिओकॉन. साखर कारखान्याच्या व्यवसायातली माणसं ऐंशीच्या दशकात तोशिबाच्या मदतीनं टीव्ही करायला लागली, आणि पैठण रस्त्यावरच्या चितेगावचं नाव देशभरच्या दिवाणखान्यांत गेलं. साखरेतून टीव्ही हे कारखानदारीच्या मुलखात कुणाला फार नवलाचं वाटलं नसावं. आमच्याकडं साखरेतून काहीही निघतं, बँक निघते, कॉलेज निघतं, आमदार निघतो. तर या कंपनीनं २००९ साली छत्रीच्या धंद्यात, डीटूएचमध्ये, पाऊल टाकलं, आणि डबा आतच बसवलेले टीव्ही काढले. वेगळा डबा नको, एकच रिमोट. रोकूच्या चौदा वर्षं आधी. रोकू भाडेकरूची मालक झाली. इथं मालकानंच भाडेकरूला घरात घेतलं.

कल्पना फारच सोयीची होती. पण तिच्यात एक मेख होती, जी लग्नात असते : उद्या दुसरी छत्री घ्यावीशी वाटली, तर आतला डबा तसाच पडून राहायचा आणि बाहेर नवा लागायचाच. पुढं २०१८ साली डीटूएच डिश टीव्हीत विलीन झाली आणि त्याच साली व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणापुढं गेली. त्याची कारणं कर्जात आणि तेला-टेलिफोनच्या मोठ्या उड्यांत आहेत, डब्याच्या माथी ती मारणं अन्याय होईल. मी फक्त एवढंच टिपून ठेवलं, की संच करणारा आडवा झाला आणि डीटूएचचा डबा मालक बदलून चालू राहिला. वेगळं बिऱ्हाड असल्याचा फायदा.

आता माझं मत. ते मी पैसे मोजून मिळवलेलं आहे. काही वर्षांपूर्वी दसऱ्याला लातूरहून त्रेचाळीस इंची स्मार्ट टीव्ही आणला. कंपनीचं नाव सांगत नाही, आमचे संबंध अजून सुधारायचे आहेत. पहिल्या वर्षी रिमोटचं बटण दाबलं की चित्र हजर. दुसऱ्या वर्षी गोल फिरायला लागलं. चौथ्या वर्षी अशी स्थिती आली, की बटण दाबून मी चहा टाकत असे. चहा आधी व्हायचा. मग एका सकाळी पडद्यावर अक्षरं आली, की तुमच्या या उपकरणावर आता हे चालणार नाही. मी लातूरहून मेकॅनिक आणला. त्यानं रंग पाहिले, कोपरे पाहिले, आणि मुलीच्या स्थळाबद्दल सांगावं तसं म्हणाला, “पॅनल एक नंबर आहे साहेब. डोकं म्हातारं झालंय.” डोकं बदलून मिळेल का? नाही. मग? “मागून काडी लावा.”

म्हणजे डबा नको म्हणून ज्याला जास्त पैसे मोजले, त्यालाच शेवटी डबा लावला. धडधाकट देहाला वरून उसनं डोकं.

तिथं मला तो स्टॅबिलायझर आठवला. तो टीव्हीच्या पोटात गेला तेव्हा कुणाला काही वाटलं नाही. कारण त्याचं काम पंचवीस वर्षांपूर्वी होतं तेच आज आहे : वीज कमी-जास्त झाली तर सांभाळ. अशाला खुशाल आत घ्यावं, तो संचाबरोबर म्हातारा होतो. इंटरनेटच्या डब्याचं तसं नाही. त्याचं काम दर सहा महिन्यांनी वाढतं आणि तो चार वर्षांत थकतो; काच मात्र दहा वर्षं जाते. ज्यांची वयं जुळत नाहीत त्यांची एकाच कुडीत गाठ मारून कंपनी मोकळी होते, आणि आपल्याला एकासाठी दोन्ही फेकावे लागतात. त्यामुळं रोकूला माझा सल्ला कुणी विचारलाच तर मी म्हणेन, टीव्ही करायचा तर करा बापडे, पण डोकं मागून काढता येईल असं ठेवा, बैलगाडीची चाकं काढून घालतात तसं. हा सल्ला कुणी मानणार नाही. मग नवा टीव्ही कोण घेईल?

आमच्या गावाला हे कुणी शिकवायला नको. नवी घरं तयार होऊनच आली. कुणी कुठं झोपणार, कणगी कुठं, देव कुठं, चूल आत का बाहेर, हे आधीच कुणीतरी कागदावर ठरवलेलं. घर पक्कं, माणसांचं जगणं मात्र सरकतं. वर्षभरात जवळपास प्रत्येक घरापुढं पत्र्याचं शेड निघालं. त्यात चूल गेली, शेळी गेली, आणि स्लॅबखाली डोळा न लागणारी माणसं कितीतरी वर्षं त्यातच झोपली. माझ्या टीव्हीच्या मागं लोंबणारी काडी हे त्याचं पत्र्याचं शेड आहे, असं मी पुतण्याला म्हणालो. तो हसला आणि मोबाइलमध्ये परत गेला. अप्पांचा डोळा लागला होता.

काडीचं निभावलं, ती पाठीमागं लटकते. अप्पांच्या बातम्यांसाठीचा छत्रीचा डबा मात्र कुठंच बसेना. टीव्हीच्या मागं दडवला तर रिमोटला दिसायचा नाही. खिळ्यावर टांगला तर पाल आत जायची. मुलानं दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी आणली, ती उन्हाळ्यात वितळली आणि डबा भर मालिकेत, सासूचं बोलणं चालू असताना, खाली आला.

शेवटी तोडगा काकूनं काढला. जुना एकवीस इंची न्हाणीमागं पडून होता. भंगारवाल्यानं त्यातली तांब्याची गुंडाळी, पाट्या, नळी सगळं नेलं आणि प्लॅस्टिकचं खोकं “याला कोण घेतंय” म्हणत टाकून दिलं होतं. काकूनं ते धुतलं, पुसलं, नव्या टीव्हीच्या खाली स्टूलावर मांडलं, आणि जिथं पूर्वी बातम्या दिसायच्या त्या पोकळीत डबा सरकवला. शेजारी अप्पांचा चष्मा, उदबत्तीचा पुडा, लाइट बिल, बाळकृष्ण. रिमोटला समोरून डबा दिसतो. रात्री घरातले दिवे मालवले की त्या खोक्यात हिरवा ठिपका तेवढा जागा असतो.

परवा संध्याकाळी अप्पा चष्मा शोधत होते. काकू आतून ओरडली,

“दिवळीत बघा की!”